कडब्याचें मोल



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें वैरणीविषयीं बोलावें हें कित्येकांस विलक्षण वाटेल. परंतु या मंडपांत बसलेल्या बहुतेक कुटुंबांच्या दारीं एखादी गाय किंवा दोनचार शेळ्या आहेत. गेल्या उन्हाळ्यांत ज्यांनीं आपली दुभती गाय बाजारांत नेली, त्यांच्या गाईंत कांहीं खोड नव्हती. कडबा परवडेना, एवढेंच कारण होतें. असा मनुष्य आदल्या संध्याकाळीं आमच्या ओसरीवर येऊन बसतो, आणि फारसें कांहीं बोलत नाहीं. त्याच्याकरितां आज आम्ही बोलतों.

आमच्या नगर जिल्ह्याचा, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, पुष्कळसा भाग पर्जन्यछायेंत येतो. येथें वैरण म्हणजे मुख्यतः रब्बी ज्वारीचा कडबा. भाद्रपद-आश्विनांत पेरलेली ज्वारी माघ-फाल्गुनांत निघते, आणि कडबा स्वस्त मिळावयाचा तो त्याच सुमारास. पुढें ऊन चढतें तसा भावही चढतो. ज्याच्या स्वतःच्या रानांत कडबा निघतो त्यास याची झळ कमी. परंतु ज्यास शेत नाहीं, किंवा आहे तें विहिरीवांचून कोरडें, त्यास प्रत्येक पेंढी विकत घ्यावी लागते. फाल्गुनांत हातीं रोकड नसते, म्हणून तो वैशाखांत वीस-पंचवीस पेंढ्या आणितो, त्याही उधार. आणि ती उधारी दुधाच्या पैशांतून कापली जाते. ज्याच्यापाशीं पैसा थोडा, त्यासच वैरण सर्वांत महाग पडते!

दुसरी गोष्ट मापाची. कडबा शेंकड्यानें विकतात; पेंढीचें वजन कोणी पाहत नाहीं. समजा, एकजण शेंकड्यास २००० रुपये मागतो व त्याची पेंढी १ किलो ६०० ग्रॅम भरते. दुसरा १८०० मागतो, परंतु त्याची पेंढी १ किलो २०० ग्रॅमच भरते. आपण आनंदानें दुसऱ्याकडे जातों. आतां हिशेब करा. पहिल्याचा कडबा किलोस साडेबारा रुपयांस पडला, दुसऱ्याचा पंधरास. ३०० किलो वजनाच्या गाईस दिवसास सुमारें साडेसात किलो कोरडा चारा लागतो. त्यांत ६ किलो कडबा धरिला, तर उन्हाळ्याच्या ९० दिवसांस ५४० किलो झाला. आणि स्वस्त म्हणून आणिलेल्या कडब्यापायीं १३५० रुपये अधिक गेले. घरांत तराजू असावा, निदान शेजाऱ्याचा मागून आणावा.

आम्ही शहाणे आहों म्हणून सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं मिशनच्या गाईसाठीं पांचशें पेंढ्या एकदम घेतल्या, त्याही न तोलतां. गंज जमिनीवरच रचविली. खालीं दगड व लांकडें घाला, वर पाचट टाका, असें एका वृद्ध गृहस्थानें सांगितलें होतें. आम्हीं मान हालविली व विसरलों. चैत्रांत वळीव झाला. खालच्या आणि वरच्या पेंढ्यांस बुरशी आली, गाईनें तोंड फिरविलें, आणि वैशाखांत आम्हांसही चढ्या भावानें कडबा घ्यावा लागला. तो वृद्ध गृहस्थ आज पुढच्या रांगेंत बसला आहे व हंसत आहे.

दुष्काळांत सरकार छावण्या उघडतें. २०१२-१३ व २०१८-१९ सालीं त्यांनीं पुष्कळ जनावरें वांचलीं, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु छावणी दुष्काळ जाहीर झाल्यावर. साध्या उन्हाळ्याची छावणी कोणी उघडीत नाहीं. उसाचें वाढें स्वस्त मिळतें खरें, पण त्यांतील ऑक्झॅलेटमुळें शरीरांतील चुना कमी होतो. गाय केवळ त्याच्यावर ठेवूं नये. शेळ्यांस तर कडब्याची ताटें देऊन पैसा वायां घालवूं नये. तुरीचा व हरभऱ्याचा भुसा त्या आवडीनें खातात, आणि कुंपणास शेवरी लाविली तर पाला घरचाच होतो.

येथें एक गंमत सांगतों. नाताळच्या गव्हाणींत पसरावयाचें गवतही गेल्या वर्षीं आम्हांस विकत आणावें लागलें. तीन राजांच्या सणानंतर तें कोणाच्या शेळीनें फस्त केलें हें आम्हांस ठाऊक आहे, परंतु नांव सांगणार नाहीं.

आतां कामाचें बोलूं. पौषापासून प्रत्येक कुटुंबानें दर रविवारीं यथाशक्ति थोडी रक्कम बाजूस ठेवावी. तिचा जमाखर्च आपल्यांतील दोन स्त्रियांनीं व एका पुरुषानें पाहावा. धर्मगुरूनें त्यांत हात घालूं नये. फाल्गुनांत सर्वांचा कडबा एकत्र, शेतावरूनच, तोलून घ्यावा. जुन्या शाळेची पडवी रिकामी आहे, ती आम्ही देऊं. खालीं फळ्या आम्हीं आजच टाकविल्या आहेत. कुट्टी करण्याचें यंत्र एक घेतलें तर सर्वांस पुरेल. अख्खीं ताटें टाकलीं कीं जनावर पानें खातें आणि बुडखे पायांखालीं तुडवितें, हें आपण रोजच पाहतों.

एकजण कालच आम्हांस म्हणाला, "फादर, फाल्गुनापर्यंत माझी गाय राहिली तर ना!" त्यास आम्हांपाशीं तयार उत्तर नव्हतें. मिशनच्या गंजींतल्या चाळीस पेंढ्या त्याच्याकडे आज सायंकाळीं जातील, आणि त्या तो पुढच्या वर्षीं पडवींत परत करील, असें ठरलें आहे. ज्यांस आपली नांवें द्यावयाचीं असतील त्यांनीं भोजनानंतर पडवीपाशीं यावें. वही तेथें ठेविली आहे.