दांत काढण्यापूर्वीं एक प्रश्न



नऊ वर्षांपूर्वीं मीं खालची एक दाढ काढवून घेतली. ठणका थांबला, यांतच समाधान मानलें. परंतु दाढेमागून तेथील हाडही झिजत गेलें, आणि आज त्या जागीं बसविलेली कवळी घांसागणिक हालते.

असें कां व्हावें? विद्यार्थ्याचें नांव पटावरून कमी झालें कीं त्याचें बाकही कोणी उचलून नेतें, तसेंच हें आहे. जबड्यांतील खोबण दांतासाठींच असते. दांत गेल्यावर पहिल्या वर्षांत तिची रुंदी निम्म्यापर्यंत घटूं शकते; त्यांतील बहुतेक झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते.

ही झीज आवरण्यासाठीं दंतवैद्य दांत काढतांच खोबणींत कृत्रिम अस्थिकण भरतात. कल्पना जुनी आहे. १८९२ सालीं ड्रेसमान या जर्मन शल्यवैद्यानें हाडांतील पोकळींत प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरलें. १९२० मध्यें अमेरिकेंत आल्बी यानें कॅल्शियम फॉस्फेटचा प्रयोग केला. हाडांतील खनिजही त्याच जातीचें असतें, म्हणून आजचे कण बहुधा त्याचेच करतात.

मात्र हे कण म्हणजे हाड नव्हे. ती गवंड्याची परांची आहे. भिंत शरीरानेंच बांधावयाची. कांहीं कण पुढें विरतात, कांहीं वर्षानुवर्षें तसेच राहतात. झीज कमी होते, अजिबात थांबत नाहीं. आणि प्रत्येकाला हा खर्च आवश्यकही नसतो.

म्हणून दांत काढण्यापूर्वींच वैद्यांना विचारावें : “या जागीं पुढें काय बसवावयाचें?” मीं तो प्रश्न विचारला नाहीं. आपण अवश्य विचारा.