हिरड्यांचा दाह आणि उतारवयाचं आरोग्य



वय झालं की दात पडायचेच, असं आपण घरोघर धरून चालतो. ही समजूत खरी नाही. तिची किंमत मात्र आपल्या घरातली वडीलधारी माणसं मोजतात, आणि ती किंमत दातांपुरती नसते. मधुमेह, फुप्फुसं, जेवण, चार माणसांत मोकळेपणानं हसणं-बोलणं, या सगळ्यांपर्यंत तिची झळ पोचते.

१९६५ साली दंतसंशोधक हाराल्ड ल्यो यांनी डेन्मार्कमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झालं आणि आठवडाभरात सूज गेली. यातले बहुतेक विद्यार्थी होते, म्हणजे म्हातारपणाचा इथे संबंधच नव्हता. पुढे ल्यो यांच्या गटानं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांच्या हिरड्या १५ वर्षं तपासल्या. हे लोक दात घासत नसत आणि दंतवैद्यही त्यांच्या वाट्याला आला नव्हता. हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या होत्या. तरी सुमारे ८ टक्के लोकांचे दात झपाट्यानं सैल होत गेले, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांचा आजार हिरड्यांच्या सुजेपुढे सरकलाच नाही. म्हणजे दात पाडणारं कारण निव्वळ वय नव्हे. दातांवर साचलेला जंतूंचा थर आणि त्याला आपलं शरीर देत असलेलं उत्तर, या दोघांची ही करणी आहे. तंबाखू आणि मधुमेह त्यात भर घालतात.

हा दाह बहुतेकदा दुखत नाही, आणि खरा घात तिथेच होतो. थर कडक होऊन त्याचं किटण बनतं, हिरडी दातापासून सुटते, मधल्या फटीत जंतू वाढतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. अशा रुग्णाच्या तोंडातल्या या फटींचं एकूण क्षेत्रफळ साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं, असा एक अंदाज आहे. मधुमेह असलेल्या आजोबांच्या पावलावर एवढी जखम दिसली, तर आपण त्याच दिवशी डॉक्टर गाठू. तोंडातली जखम मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण कुणी तोंड उघडून पाहतच नाही.

मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांचा दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात असं दिसलं की हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत रक्तातल्या सरासरी साखरेचं माप असलेलं ‘एचबीएवनसी’ सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरलं. हा आकडा लहान समजू नका. ही घट गोळ्या न वाढवता, नीट केलेल्या सफाईनं मिळते.

जपानमधलं काम मला याहून मोलाचं वाटतं. तिथल्या ११ वृद्धाश्रमांत संशोधक योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षं एक साधी गोष्ट केली. निम्म्या रहिवाशांचं तोंड प्रत्येक जेवणानंतर सेवकांनी स्वच्छ केलं, उरलेल्यांना नेहमीसारखंच ठेवलं. न्यूमोनिया झाला तो पहिल्या गटात ११ टक्क्यांना, दुसऱ्यात १९ टक्क्यांना. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लाळ नकळत फुप्फुसांत उतरते आणि तोंडातले जंतू तिच्याबरोबर जातात. ज्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, त्यांनाही या सफाईचा फायदा झाला. आपल्याकडे आजारी आईला आपण स्पंजिंग करतो, तिची वेणी घालतो, औषधाच्या वेळा सांभाळतो. तिच्या हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडानं पुसायला मात्र आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. हॉस्पिटलमधून घरी सोडताना हे दाखवून द्यायला हवं, आणि कुणी दाखवलं नाही तर आपण विचारायला हवं.

स्मृतिभ्रंशाबद्दल मी जपून बोलणार आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हिरड्यांच्या जंतूंच्या खुणा सापडल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि मोठी खळबळ उडाली. त्या जंतूंना लक्ष्य करणारं औषध मात्र २०२१ मध्ये मुख्य कसोटीवर उतरलं नाही. म्हणून ‘दात घासा, विसरभोळेपणा टळेल’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अशा प्रश्नांना चिकाटीच्या पाहण्याच उत्तर देतात. बंगळुरूतल्या आपल्या याच ओल्ड मद्रास रोडनं होसकोटेवरून कोलारकडे गेलं की पुढे श्रीनिवासपूर तालुका लागतो. तिथे भारतीय विज्ञान संस्थेचं मेंदू संशोधन केंद्र पंचेचाळिशीपुढच्या हजारो ग्रामस्थांचा वर्षानुवर्षं मागोवा घेत आहे. माझं मत स्पष्ट आहे: वार्धक्याच्या प्रत्येक पाहणीत रक्तदाबाबरोबर हिरड्याही मोजल्या पाहिजेत.

आता आपल्या सवयी. गावाकडून आलेल्या कितीतरी आज्या अजून मिश्रीनं दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात साफ करत नाही, हिरड्या जाळते आणि कर्करोगाला वाट करून देते. दुसरी भीती अशी, की दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. खरं तर ते आधीच सैल झालेले असतात. किटणाचा आधार निघतो, सूज उतरते, आणि ते आपल्या लक्षात येतं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची असते. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, तर अॅम्लोडिपिनसारख्या गोळीनं काहींच्या हिरड्या वाढतात. अशा वेळी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

के. आर. पुरमच्या झुलत्या पुलापलीकडे व्हाइटफील्डला नोकरी करणाऱ्या मुलांकडे राहायला आलेले कितीतरी आई-वडील आज इथे बसले आहेत. मुलं त्यांची साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड हौसेनं तपासून घेतात. इकडे आई भाकरी दुधात कुस्करून खाते, शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी बाजूला सारते. ती नको म्हणते ते भूक नाही म्हणून नव्हे, तिला चावता येत नाही म्हणून. अशा माणसाचं अंग हळूहळू गळतं आणि तो पंगतीत बसायचंही टाळू लागतो. हे टाळता येतं: जपाननं १९८९ मध्ये ऐंशीव्या वर्षी २० दात राखण्याची मोहीम हाती घेतली. २०१६ पर्यंत निम्म्याहून अधिक लोकांनी ते गाठलं.

कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी मोफत कवळी देणारी दंतभाग्य योजना आहे. घरात कामाला येणाऱ्या मावशींच्या सासूबाईंना ती सांगा. आणि तुमच्या आई-वडिलांना याच महिन्यात दंतवैद्याकडे घेऊन जा. दात दुखत नसले तरी जा, आणि हिरड्यांच्या फटींची खोली मोजून द्या, असं स्वतःहून सांगा.