उपदंशाची तपासणी एकटीचीच कां?

आज ज्या व्याधीविषयीं मी बोलणार आहें, तिचें नांव सभ्य घरांत उच्चारण्याचा परिपाठ नाहीं. वैद्यकांत तिला उपदंश म्हणतात, व्यवहारांत गरमी. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें ‘भावप्रकाशा’त तिला फिरंग रोग म्हटलें व तिच्यावर पारा आणि चोपचिनी यांची योजना सांगितली. नांव फिरंग्यांचें पडलें, रोग मात्र आपल्या घरांत नांदला.

१९०५ सालीं जर्मनींत शौडिन व हॉफमन यांस या रोगाचा मळसूत्री जंतु सांपडला. १९४३ सालीं अमेरिकेंत चार रोग्यांवर पेनिसिलिनचा प्रयोग यशस्वी झाला. आज रोग नवा असतां चोवीस लाख युनिटांचें एक इंजेक्शन बहुधा पुरतें. असें असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२२ सालीं जगांत ८० लाख प्रौढांस त्याची नव्यानें बाधा झाली! औषध आहे, पण तें घ्यावयास पुरुष येत नाहीं.

ही खोड जुनी आहे. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें तपासणीची सक्ती केली ती वेश्यांवर. त्यांच्याकडे जाणारा पुरुष मोकळा राहिला. कायदा १८८८ सालीं रद्द झाला, दृष्टि राहिली. १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं कामजीवनाविषयीं उघड लिहिलें, तर त्यांच्या वांट्यास खटले आले.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याकडे पहा. वणीच्या कोळशाच्या खाणी, पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद रस्ता, हंगामांत गांव सोडणारे मजूर. पोटासाठीं माणसें दीर्घकाळ घरापासून दूर राहतात. त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार शहरवासीयांस नाहीं. खासगी प्रसूतिगृहाच्या कागदावर व्ही. डी. आर. एल. हीं अक्षरें असतात. तीं कसलीं, हें विचारणारे सुशिक्षित पति किती?

या रोगाचा पहिला व्रण दुखत नाहीं व आपोआप भरून येतो. रोगी समजतो, सुटलों. जंतु शरीरांतच राहतो आणि कित्येक वर्षांनीं हृदयावर वा मेंदूवर घाला घालतो. गर्भवतीस बाधा असेल तर मूल मृत जन्मूं शकतें, किंवा व्यंग घेऊन येतें. तें टाळावयाचें तर प्रसूतीपूर्वीं निदान तीस दिवस तिला पेनिसिलिन मिळालें पाहिजे. म्हणून दिवस राहिल्याचें कळतांच रक्त तपासावें. सरकारी नियमहि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा आहे. थायलंडनें २०१६ सालीं आईपासून मुलास होणाऱ्या या रोगाचें उच्चाटन केल्याची मान्यता मिळविली, ती अशाच तपासणीच्या बळावर.

पण स्त्रीला औषध दिलें आणि पतीला दिलें नाहीं, तर तोच रोग तिच्याकडे पुन्हां येतो. जोडीदारासहि तपासावें, औषध द्यावें, हा वैद्यकाचा नियमच आहे. जिल्हा रुग्णालयांत व सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत याकरितां ‘सुरक्षा क्लिनिक’ असतें. तेथें पैसे पडत नाहींत व नांव गुप्त राहतें. गृहस्थांनीं बाहेर बाकावर बसून न राहतां पत्नीबरोबर आंत जावें. बोटाला सुई टोंचून घेतलेल्या रक्ताचा निकाल अर्ध्या तासांत हातीं येतो.