सायकलीचा मागील तुंबा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांना वाटेल की, हे मास्तर निवृत्त होऊन सायकलदुरुस्तीचे दुकान घालून बसले की काय! तसे काही झालेले नाही. डहाणूच्या उत्तरेस, बोर्डीच्या पलीकडे, गुजरातची हद्द लागण्यापूर्वी समुद्रकाठी झाई नावाचे एक मच्छीमारांचे गाव आहे. तेथे राहणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि हयातभर मुलांना त्रैराशिक शिकविलेला मी एक साधा मनुष्य आहे. परंतु गेल्या वर्षी माझ्याच घरी, माझ्याच सल्ल्यामुळे, माझ्या नातवाचे मनगट मोडले. त्या मनगटाने मला सायकलच्या मागील चाकाचा तुंबा काय असतो ते शिकविले. बैलगाडीच्या चाकात ज्यास आपण तुंबा म्हणतो, त्यासच सायकलवाले हब म्हणतात. मीही आज तोच शब्द वापरीन.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सायकलीवरून पाय खाली न टेकता दगड, ओंडके, कठडे असे अडथळे ओलांडीत जावयाचे, ह्या खेळास ट्रायल्स असे नाव आहे. ह्यात वेगास मान नाही, तोलास आहे. मोटारसायकलीच्या अशाच एका खेळावरून तो स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात रूढ झाला आणि १९८६ पासून त्याच्या जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा भरत आहेत. २००९ साली डॅनी मॅकॅस्किल ह्या स्कॉटिश तरुणाने एडिंबरो शहरातील भिंती व कठडे ह्यांवरून सायकल नाचविल्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. तेच चित्रण माझ्या नातवाने फोनवर पाहिले आणि आमच्या वाडीत ताडाचे ओंडके, विटा व ट्रकचे जुने टायर मांडून आपले एडिंबरो उभारले.

त्याची सायकल जुनी, दुसऱ्याच्या हातची. तिचे फ्रीव्हील निकामी झाले होते. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरील ती दातेरी चकती, जिच्यामुळे पायडल थांबविले तरी चाक फिरत राहते. मी त्यास मोठ्या ऐटीत म्हणालो, "अरे, नवे कशाला? माझ्या सायकलीचे काढून बसव. वीस वर्षे त्याने मला शाळेत पोहोचविले आहे. सोन्यासारखा माल आहे तो." त्याने ते बसविले. चौदाव्या दिवशी, ओंडक्यावर उभा राहून पुढच्या उडीसाठी त्याने पायडलावर सारा भार टाकला असता, आतील पकड सुटली. पायडल पायाखालून निघून गेले आणि मुलगा हातावर आपटला.

प्लास्टर घातलेला हात घेऊन तो समोर बसला, तेव्हा त्याने मला दोष दिला नाही. "आजोबा, हे वीस वर्षे टिकले आणि दोन आठवड्यांत मोडले, हे कसे?" एवढेच त्याने विचारले. गणिताच्या मास्तराला ह्याहून लाजिरवाणा प्रश्न कोणता असणार? मी कागद घेऊन बसलो.

माझ्या सायकलीला पुढे ४४ दातांचे चक्र होते आणि मागे १८ दातांचे फ्रीव्हील. नातवाने ह्या खेळासाठी पुढे २२ दातांचे चक्र लावले होते. मागे मात्र तेच १८. मुलाचे वजन ५० किलो, पायडलाचा दांडा १७ सेंटिमीटर. दोहोंचा गुणाकार ८५०. हा झाला पुढच्या आसावरचा पीळ. तो साखळीवाटे मागे जातो तेव्हा मागचे दात भागिले पुढचे दात ह्या प्रमाणात बदलतो. माझ्या सायकलीत तो सुमारे ३५० भरला. नातवाच्या सायकलीत सुमारे ७००. विहिरीच्या रहाटाचे लाकूड जितके बारीक, तितका त्याच हातांनी दोर अधिक जोराने ओढला जातो, तसेच हे. पुढचे दात निम्मे झाले आणि मागच्या हबावरील ताण दुप्पट झाला. शिवाय मी संथपणे शाळेस जात असे. हा मुलगा त्यावर उड्या मारीत होता, आणि उडीच्या क्षणी पडणारा भार वजनाच्याही वर जातो. माल सोन्यासारखा होता हे खरे. परंतु मी सोन्याच्या तारेने नांगर बांधावयास सांगितले होते.

आता ह्या फ्रीव्हीलच्या पोटात काय असते ते पाहू. आत एक दातेरी कडे असते व त्या दातांत अडकणाऱ्या लहान खिट्या असतात. कारागीर त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल पुढे मारले की कुत्रे दात धरतात; पायडल थांबले की ते दातांवरून घसरत कटकट असा आवाज करतात. कड्यास २० दात असले, तर एक दात म्हणजे चाकाच्या फेऱ्याचे १८ अंश. म्हणजे पकड बसण्यापूर्वी काही अंश पायडल मोकळेच फिरते. माझ्या सायकलीत हे मोकळे फिरणे अधिकात अधिक सात अंशांचे होई. पुढचे चक्र लहान करताच तेच जवळजवळ पंधरा अंशांचे झाले. रस्त्याने जाणाऱ्यास हे समजतही नाही. ओंडक्यावर तोल धरून उभा राहिलेल्यास मात्र पंधरा अंश म्हणजे पायरी चुकल्यासारखे होते. म्हणून ह्या खेळाच्या हबात ७२ वा अधिक पकडी ठेवतात. तेथे चाकापाशी एक पकड ५ अंशांवर येते आणि पायडलापाशी ४ अंशांच्या आसपास.

असे हब जगात मिळतात व उत्तम मिळतात. अमेरिकेतील क्रिस किंग ह्या कारखान्याच्या हबात कुत्र्यांऐवजी ७२ दातांची दोन कडी एकमेकांत बसतात. त्यामुळे भार दोनतीन दातांवर न पडता सर्व दातांवर वाटला जातो. इंग्लंडातील होप कंपनीही खास ट्रायल्ससाठी हब करते. परंतु एका हबाच्या किमतीत आमच्याकडे अख्खी नवी सायकल येते. माझे निवृत्तिवेतन आणि मुलाच्या बापाची मिळकत पाहता तो मार्ग आम्हांस बंद होता. आपणांपैकी अनेक कुटुंबांसही तो बंदच असेल.

मग स्वस्तात विश्वासू हब कोणते? पुष्कळ चौकशीअंती माझे मत असे झाले की, ज्या हबातील झिजणारा भाग हबाहून वेगळा काढता येतो, ते घ्यावे. महागड्या हबात कुत्रे व दात हबाच्या पोटातच असतात. उत्तम पोलादाचे असतील तर ठीक. परंतु त्याचीच स्वस्त नक्कल घेतली आणि आतले दात झिजले, तर बहुधा सारे हब टाकून, आरे सोडवून, चाक नव्याने बांधावे लागते. ह्याउलट, ज्या साध्या हबास बाहेरून आटे असतात व त्यावर फ्रीव्हील पिळून बसविता येते, ते हब वर्षानुवर्षे राहते. झिजते ते फ्रीव्हील, आणि तेवढेच बदलता येते. म्हणून थोडे पैसे असतील तर हब साधे व मजबूत घ्यावे आणि वाचलेला पैसा चांगल्या फ्रीव्हीलवर घालावा.

ह्याच तत्त्वाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात मागचे हब अगदी मुके असते. त्यात कुत्रेही नाहीत व दातही नाहीत. फ्रीव्हील असते ते पुढे, पायडलाच्या दांड्यावर. अमेरिकेतील व्हाइट इंडस्ट्रीज ७२ पकडींचे असे फ्रीव्हील करते. ह्या खेळातील पुष्कळ लोक हीच रीत पसंत करतात, कारण मागचे हब हलके, स्वस्त व जवळजवळ अमर होते. मात्र त्यासाठी आटे असलेला खास दांडा लागतो, हा खर्च आधी मोजावा. आमच्या सायकलीचा दांडा साधा होता, म्हणून आम्ही फ्रीव्हील मागेच ठेवले.

येथे एक इशारा देतो. पकडींची संख्या पाहून भुलू नये. दात जितके बारीक तितके ते उथळ. ते टिकावयास पोलाद अधिक कठीण व घडण अधिक काटेकोर असावी लागते. हलक्या पोलादाच्या ७२ पकडींपेक्षा चांगल्या पोलादाच्या ३६ पकडी बऱ्या. विद्यार्थ्याने पुष्कळ लिहिले म्हणून मी कधी गुण दिले नाहीत. येथेही तोच न्याय.

हब विकत घेताना आम्ही पुढील गोष्टी पाहिल्या. पहिली, माप. सायकलीच्या मागील दोन पात्यांमधील अंतर पट्टीने मोजून जावे. ट्रायल्सच्या २० इंची चाकांच्या सायकलीत ते बहुधा ११६ मिलिमीटर व २६ इंचीत १३५ मिलिमीटर असते. पाती वाकवून हब बसविण्याचा मोह टाळावा. दुसरी, आऱ्यांची भोके. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीच्या मागील चाकास ४० आरे असतात, ह्या सायकलींना बहुधा ३२ किंवा ३६. हब व रिम ह्यांची संख्या एकच हवी. तिसरी, आस. तो पोलादाचा व भरीव असावा आणि नटांनी आवळता यावा. चौथी गोष्ट बेअरिंगची. सुट्या छर्ऱ्यांऐवजी बंद बेअरिंग असेल तर त्यावरचा क्रमांक वाचावा. ६००१ असा क्रमांक असेल, तर ते आतून १२, बाहेरून २८ व रुंदीस ८ मिलिमीटर असते. हेच बेअरिंग लहान मोटारींत व पंपांत चालते, म्हणून ते कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. ज्याचा सुटा भाग परदेशातून मागवावा लागतो ते हब, कितीही स्वस्त पडले तरी, गरिबाने घेऊ नये. जुने हब घेणाऱ्याने आऱ्यांच्या भोकांपाशी बारीक चीर गेली नाही ना हे उजेडात पाहावे.

खरेदीनंतर निगा. आमच्याकडे खारा वारा व बारीक वाळू, हे लोखंडाचे दोन शत्रू. किनाऱ्यावरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने हलकेच धुवावी, पुसावी व फ्रीव्हीलमध्ये पातळ तेलाचे दोन थेंब सोडावेत. जाड ग्रीस तेथे भरू नये. चिकट ग्रीसमध्ये कुत्रे उठत नाहीत व पकड सुटते. माझ्या जुन्या फ्रीव्हीलमध्ये मी वर्षानुवर्षे तेच भरीत आलो होतो, ही माझी दुसरी चूक. ग्रीस लावावे ते हबाच्या आट्यांना, फ्रीव्हील चढविण्यापूर्वी. नाहीतर पुढे ते उतरविताना आटेच निघून येतात.

मुलाचा हात बरा झाल्यावर घरात एक छोटीशी सभा भरली. त्याच्या आईचे म्हणणे, हा खेळच बंद करावा. तिची भीती खोटी नव्हती. परंतु पडला तो खेळामुळे कमी आणि माझ्या न तपासलेल्या विश्वासामुळे अधिक, हे मला कबूल करावे लागले. शेवटी असे ठरले की, डोक्यास शिरस्त्राण घालावे आणि ओंडक्यावर चढण्यापूर्वी दर वेळी मागचा ब्रेक दाबून पायडलावर दहा वेळा जोर देऊन पाहावा. एकदा जरी पकड सुटली किंवा आवाज बदलला, तरी त्या दिवशी खेळ नाही.

हल्ली संध्याकाळी मी ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसतो. वाडीतून ते दहा ठोके ऐकू येतात. वर्तमानपत्र समोर असते, पण मी ते वाचीत नाही; ठोके मोजीत असतो. दहा पुरे झाले की पान उलटतो.