विचारांचं दळण
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



'तू फार विचार करतेस' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं आहे. बाईनं प्रश्न विचारला, हिशेब मागितला, की तिला हेच ऐकवलं जातं. म्हणून आधीच सांगते, बाईनं विचार कमी करावा असं मला म्हणायचं नाही. विचार करण्याचा हक्क बायकांनी भांडून मिळवला आहे. पण विचार करणं वेगळं आणि विचारांचं दळण दळणं वेगळं. जात्यात दाणेच नसताना ते रात्रभर फिरवलं तर पीठ पडत नाही, दगड मात्र झिजतो.

विचार पुढे सरकतो, त्यातून काहीतरी ठरतं. दळण एकाच जागी फिरतं. 'ती असं का बोलली? मी गप्प का बसले? माझंच असं का होतं?' सकाळी उठावं तर डोकं जड आणि प्रश्न तिथंच. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते उगाच नाही.

सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या सवयीचा आयुष्यभर अभ्यास केला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. योगायोगानं त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची नोंद घेतली होती. भूकंपानंतर पुन्हा घेतली. दुःख उगाळत बसायची सवय ज्यांना आधीपासून होती, ते सात आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा जास्त उदास होते. संकट सगळ्यांवर एकच आलं होतं. रेंगाळलं ते उगाळणाऱ्यांच्या मनात.

ही सवय पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते. बायकांचा स्वभावच तसा, असं म्हणून हे सोडून द्यायचं का? १९९९ मध्ये याच बाईंनी सहकाऱ्यांसह सुमारे अकराशे स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं : घरकामाचा आणि मुलांचा एकतर्फी भार, नात्यात किंमत नसणं, असा रोजचा ताण बायकांवर जास्त. त्यातून 'माझ्या हातात काहीच नाही' ही भावना येते. हातात काही नसलं की डोकं फिरत राहतं, आणि डोकं फिरत राहिलं की हात आणखी दुबळे होतात. म्हणजे ही सवय परिस्थितीतून येते आणि परिस्थिती टिकवूनही धरते. म्हणून हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

मग करायचं काय?

पहिलं, भीती खरी आहे का ते बघा. नवरा मारत असेल आणि बाईला रात्री झोप लागत नसेल, तर तो अतिविचार नव्हे. ती भीती तिला वेळेवर सावध करते आहे. तिला 'शांत राहा' म्हणू नका. कागदपत्रं कुठे ठेवायची, फोन कुणाला करायचा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश कसा मागायचा, हे तिच्याबरोबर बसून ठरवा.

दुसरं, 'का' च्या जागी 'आता काय' विचारा. उत्तर लहान चालेल. उद्या बँकेत जाऊन चौकशी करीन, एवढंही पुरे. लिहिता येत असेल तर लिहा, नसेल तर मैत्रिणीला सांगा.

तिसरं, काळजीला वेळ नेमून द्या. बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा उपाय तपासला : रोज ठरावीक अर्धा तास काळजी करायची, एरवी मनात आली की 'तेव्हा बघू' म्हणायचं. आपल्यातल्या अनेकींना स्वतःचा अर्धा तासही मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. मग दहा मिनिटं घ्या, पण ती मागून घ्या.

चौथं, दळण सुरू झालं की उठा. चाला, हाताला काम द्या. प्रयोगांत आठ मिनिटं मन दुसरीकडे वळवल्यानंही उदासी हलकी झाली. प्रश्न त्यानं सुटत नाही, पण सोडवायला बळ येतं.

आता आपल्या बैठकांबद्दल. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये दाखवलं, की मैत्रिणी एकच दुःख पुनःपुन्हा बोलत बसल्या तर मैत्री घट्ट होते, पण उदासीही वाढते. आपलं बळ एकमेकींशी बोलण्यातच आहे, ते सोडायचं नाही. मात्र प्रत्येक बैठकीची शेवटची पंधरा मिनिटं एकाच प्रश्नाला द्या : पुढच्या बैठकीपर्यंत कोण, काय करणार? आणि ते वहीत लिहा.

एखादीची झोप, भूक दोन आठवडे उडाली असेल, जीव नकोसा झाला असं ती म्हणत असेल, तर हे उपाय पुरणार नाहीत. तिला डॉक्टरकडे घेऊन जा. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन लावताना तिच्याजवळ बसा. एकटीनं दळायचं नाही, एवढं तरी आपण एकमेकींसाठी नक्की करू शकतो.