कळवळा आणि वही

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापला आहे, ‘समाजाची घडी मोडते तेव्हा परोपकारी माणसाचा उपयोग’. परोपकार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पंगतीत वाढणारा माणूस. तो हवाच. पण माझं म्हणणं असं की, ज्याच्या हातात पळी आहे त्याच्यापेक्षा ज्याच्या हातात वही आहे तो परोपकारी जास्त दिवस कामाला येतो. (हशा.) हसा, हरकत नाही. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट मी सांगत बसत नाही. मंगळवेढ्याची कोठारं, बिदरचा बादशहा, विठू महार, सगळं तुम्ही कीर्तनांत ऐकलेलं आहे. फक्त एक तपशील पाहा. विठू महार झालेल्या देवानं दरबारात धान्याचे पैसे भरले आणि त्याची पावती घेतली. चमत्काराला पावती कशाला लागते? लागते, कारण ही कथा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना पक्कं माहीत होतं की नुसतं कोठार लुटवून भागत नाही. हिशेब मिटल्याशिवाय पंतांच्या पायातली बेडी निघत नाही.

आता घडी खरोखर मोडली तो काळ घेऊ. दुर्गादेवीचा दुष्काळ 1396 च्या सुमारास सुरू झाला आणि बारा वर्षं चालला, असं परंपरा सांगते. गावंच्या गावं ओस पडली. पुढे पाऊस आला, माणसंही थोडीबहुत परतली. पण शिवेचा दगड कुठे होता, कोणतं शेत कोणाचं, वतन कोणाच्या घरात, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. इतिहासकार ग्रँट डफनं लिहून ठेवलंय की, बहामनी सरकारनं 1429 मध्ये ही विस्कटलेली घडी बसवायला मलिक-उत्-तुज्जार या सरदाराबरोबर दादू नरसो काळे नावाचा माणूस पाठवला. दोन-तीन जुन्या गावांचं मिळून एक गाव केलं. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबरा धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात ती चंदीची पिशवी. इथल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. त्या तोबऱ्यात मला मोठं शहाणपण दिसतं. शून्य मागितलं तर हक्काची नोंद होत नाही, जास्त मागितलं तर माणूस पुन्हा पळतो. तोबराभर धान्य दिलं की निदान लिहून राहतं, की अमक्यानं हा बिघा कसला. मघाशी कोणी तरी म्हणालं, दादू नरसो सरकारी नोकर, त्याला परोपकारी कसं म्हणता? मान्य. मी त्याची पुण्याई मोजत नाही, कामाची जात सांगतोय. ते काम पगाराविना करणारी माणसं मला हवी आहेत.

आणि तशी झाली. 1876-77 च्या दुष्काळात अन्नछत्रं घालणारे पुष्कळ होते. पण पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सोबत्यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रांवर पत्रं धाडली. सरकारनं दुष्काळासाठी धाडलेल्या रिचर्ड टेंपल साहेबांनी खडी फोडणाऱ्या माणसाचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं होतं. अर्ध्या किलोच्याही आत! हजारो मजूर कामं सोडून निघाले. त्यांची भूक सरकारला आळशीपणा वाटली. ती भूक आहे, हे आकड्यांनी सांगणारं कोणी तरी लागलं. 1972 च्या दुष्काळाचं मी सांगत नाही, सभागृहातले निम्मे लोक तेव्हा वाटलेल्या सुकडीच्या खाऊवर वाढलेत. (हशा, टाळ्या.) मे 1973 मध्ये राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांना पोसलं कशानं? मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, नावानं.

खरा आक्षेप वेगळाच आहे. वहीनंच गरीब नागवला, कुळकर्ण्याच्या आणि सावकाराच्या वहीनं. मस्टरवरही मेलेली माणसं खडी फोडत होती. हे खरं आहे, आणि मी त्याची सारवासारव करणार नाही. पण दुष्ट माणूस वही सोडत नाही, ही गोष्ट ध्यानात घ्या. तो पेटी फोडण्याआधी दप्तर ताब्यात घेतो. मग भल्यानं तीच जागा ‘आपल्याला नाही बुवा आकडेमोड जमत’ म्हणून रिकामी का सोडावी? त्यानं लिहावं, आणि लिहिलेलं चावडीवर मोठ्यानं वाचावं. ज्याचं नाव खोटं, त्याची भावकी तिथंच बोलेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. म्हणजे किल्लारीचा भूकंप राहिला, आणि सावित्रीबाई फुल्यांचं दुष्काळात ओतूरहून लिहिलेलं पत्रही राहिलं. एवढंच सांगतो. आपल्या तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखोबांचं जन्मगाव मानतात. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले. वेठीला धरलेल्यांची नावं कोण टिपणार? संत नामदेव आले तेव्हा, म्हणतात, त्यांना हाडं एकेक करून कानाला लावून पाहावी लागली. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची. नामदेवांनी ती पंढरपूरला नेली. उरलेली हाडं कोणाकोणाची होती, ते सांगायला मात्र कुठलाच कागद नव्हता.