भारवाहक यक्ष

(सुवर्णमहोत्सवानिमित्त इगतपुरी येथे झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



देवालयात गेलेल्या भाविकाची दृष्टी प्रथम कळसाकडे व गाभाऱ्याकडे जाते. वास्तूचा भार पेलणाऱ्याकडे क्वचितच वळते. भारतीय शिल्पींनी मात्र त्याचे विस्मरण होऊ दिले नाही. अनेक प्राचीन मंदिरांत स्तंभाच्या शिरोभागी तुळई पेलणारी बुटकी, स्थूल मानवाकृती आढळते. तिला भारवाहक यक्ष किंवा कीचक म्हणतात.

याचे भव्य उदाहरण इगतपुरीहून नाशिकला जाताना महामार्गालगतच्या पांडवलेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने तिसऱ्या क्रमांकाचे लेणे दान दिले. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीतील १९ व्या वर्षाचा शिलालेख तेथे आहे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन, असे सहा यक्ष ओसरीचा भार वाहताना कोरले आहेत.

ग्रीस देशात अथेन्स येथील इरेक्थिऑन मंदिरातही, इ. स. पूर्व पाचव्या शतकात, स्तंभांच्या जागी सहा कन्यांच्या मूर्ती उभारल्या गेल्या. मात्र त्या खरोखरच छत पेलण्यासाठी होत्या. नाशिकचे लेणे अखंड डोंगरात कोरलेले. तेथे भार डोंगरच पेलतो. तरीही शिल्पींनी यक्ष कोरले, कारण भार वाहणाऱ्याची जाणीव दगडात राहावी, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

लेण्यांचा खरा आधार कोणता, हे जवळच्याच दहाव्या लेण्यातील लेख सांगतो. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे वस्त्रासाठी मिळत. हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी अटही लेखात आहे.

दात्याचे नाव शिलालेखात अमर झाले. मागावर बसून ते व्याज उभे करणाऱ्या विणकरांपैकी एकाचेही नाव त्यात नाही. तेही भारवाहकच होते.

पन्नास वर्षे उभ्या राहिलेल्या कोणत्याही संस्थेच्या तळाशी असे निनावी खांदे असतात. मुद्दल अबाधित राखणे आणि त्या खांद्यांचे स्मरण ठेवणे, हाच सुवर्णमहोत्सवाचा खरा अर्थ होय. पांडवलेण्यांत गेल्यावर वर चढण्यापूर्वी पायऱ्यांजवळील त्या सहा यक्षांकडे क्षणभर अवश्य पाहावे.